रिसेट मारला की बीटा जातो म्हणे!

"बीटा टाकून फोन गंडलाय? घाबरू नका" असा एक मेसेज सध्या ज्याच्या त्याच्याकडे येऊन पडतोय. बीटा म्हणजे फोनच्या सिस्टिमचं अजून चाचणीत असलेलं व्हर्जन. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं, की सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट मारा, फोन आपोआप जुन्या व्हर्जनवर येतो, मग कालचा बॅकअप परत टाका, सगळं होतं तसं. त्यानंतरही चार्जिंग उतरत असेल तर बीटाने बॅटरी खाल्ली, बदलून घ्या. आणि कॉम्प्युटरला लावून रिस्टोर करताना एरर आला तर समजायचं फोनचा मुख्य सर्किट बोर्ड गेला, उगाच पैसे घालू नका. खाली हात जोडलेले इमोजी आणि "सर्वांना पाठवा". पाठवा हो, पण आधी यातलं खरं किती ते तर बघू.

पहिलं, रिसेट. रिसेटने जुनं व्हर्जन येत नाही म्हणजे नाही. रिसेट तुमचा डेटा पुसतो, सिस्टिम वेगळ्या जागी असते आणि तिला तो हात लावत नाही. आयफोनवर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' केलं की बीटा तोच राहतो, फक्त तुमचं त्यातलं सगळं गेलेलं असतं. अँड्रॉइडलाही हेच. फोटो, चॅट सगळं घालवून लोक सेटिंगमध्ये व्हर्जन बघतात तर तोच नंबर, आणि मग "फोनमध्ये व्हायरस आहे का" असं विचारत बसतात.

आयफोनवरून बीटा खरंच काढायचा तर कॉम्प्युटर लागतो. मॅकवर फाइंडर, विंडोजवर अ‍ॅपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्स. केबल लावायची, आयफोन ८ आणि त्यापुढच्या मॉडेलवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, कमी करायचं दाबून सोडायचं, मग साइडचं बटण दाबून धरायचं, मध्ये अ‍ॅपलचा लोगो येईल तरी सोडायचं नाही, केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र दिसेपर्यंत धरून ठेवायचं, हाच रिकव्हरी मोड. मग कॉम्प्युटरवर अपडेट आणि रिस्टोर असे दोन पर्याय येतात, आपल्याला रिस्टोर हवंय, आणि त्यात डेटा जातो हे आधीच मनाशी धरा. इथे बहुतेकजण अडकतात ते एका फालतू गोष्टीवर: फाइल मोठी असते, डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली की फोन स्वतःच रिकव्हरी मोडमधून बाहेर पडतो आणि आपल्याला वाटतं गेलं सगळं. काही गेलेलं नसतं. डाउनलोड पुरं होऊ द्यायचं आणि बटणांची तीच कसरत परत करायची. आणि हो, मिळतं ते सध्या चालू असलेलं पब्लिक व्हर्जन, तुमच्या आवडीचं दोन वर्षांपूर्वीचं नाही, कारण जुनी व्हर्जन्स साइन करणं, म्हणजे ती टाकायला मंजुरी देणं, अ‍ॅपल थोड्याच दिवसांत बंद करतं.

पिक्सेलवर, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर, गूगलच्या बीटा प्रोग्रॅममधून बाहेर पडलात की मागे नेणारा एक अपडेट येतो, तो टाकला की फोन पूर्ण पुसला जातो. तो न टाकता फायनल व्हर्जनची वाट बघितली तर पुसायची वेळ येत नाही, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. शिवाय काही वेळा मागे जायचा रस्ताच बंद असतो. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आलं तेव्हा पिक्सेल ६ मालिकेच्या बूटलोडरमध्ये (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अँटी रोलबॅक, म्हणजे जुन्या व्हर्जनवर जाऊ न देणारा अडसर, वाढवला होता, एकदा तो अपडेट बसला की अँड्रॉइड १२ परत टाकता येईना. अ‍ॅपल वॉचवर बीटा टाकला असेल तर तो आपल्याला घरी काढताच येत नाही. मेसेजवाल्याने "घड्याळालाही हेच करा" असंही लिहिलंय, तेव्हा धन्य आहे.

आता "कालचा बॅकअप टाका". कालचा बॅकअप बीटावरच घेतलेला ना? मग तो जुन्या आयओएसवर, म्हणजे आयफोनच्या जुन्या सिस्टिमवर, चढणारच नाही, नव्या व्हर्जनचा बॅकअप जुन्यावर चालत नाही, सरळ नकार मिळतो. म्हणून बीटा टाकायच्या आधी कॉम्प्युटरवर बॅकअप घेऊन तो अर्काइव्ह करून, म्हणजे वेगळा जपून, ठेवायचा असतो, नाहीतर पुढचा बॅकअप त्याच्यावरच लिहिला जातो. तोही एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डच्या कुलपात, घ्या, कारण साध्या बॅकअपमध्ये हेल्थचा डेटा आणि सेव्ह केलेले पासवर्ड येत नाहीत. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांनी निदान फोटो आणि कॉन्टॅक्ट क्लाउडवर सिंक झालेत का ते बघून मगच पुसायला घ्यावं. ओटीपीवाली ऑथेंटिकेटर अ‍ॅप्स तर आधीच दुसरीकडे हलवा, फोन पुसल्यावर त्यांच्यासाठी रडण्यात अर्थ नाही. आणि जुन्या अकाउंटचा पासवर्ड आठवतोय ना? आयफोनला २०१३ पासून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडलाही तसंच कुलूप आहे, पुसल्यावर फोन आधीचंच अकाउंट मागतो.

समजा बॅकअप चढला, तरी "सगळं होतं तसं" यातच गोम आहे. होतं तसं म्हणजे बिघडलेलं सेटिंगही होतं तसंच परत येऊ शकतं! ब्लूटूथ तुटतंय, कीबोर्ड अडकतोय, एखादं अ‍ॅप उघडताच बंद पडतंय, हे रिस्टोरनंतरही चालूच राहिलं तर लोक सिस्टिमला शिव्या घालतात. त्याऐवजी फोन एकदा नव्यासारखा सेटअप करा, बॅकअप न घालता, मोजकीच अ‍ॅप्स टाकून एखादा दिवस वापरा. त्रास गेला तर दोष बॅकअपमध्ये किंवा एखाद्या अ‍ॅपमध्ये, मग अ‍ॅप्स थोडी थोडी करत टाका म्हणजे चोर सापडतो. कोऱ्या फोनवर, पब्लिक व्हर्जनवरही तोच त्रास असेल तर हार्डवेअरकडे बघायचं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण याशिवाय बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

बॅटरीचा मुद्दा ऐकून तर हसू येतं. रिस्टोरनंतर फोन मागच्या बाजूला भरपूर काम करत असतो, फोटो परत उतरवणं, त्यातले चेहरे ओळखणं, सर्चसाठी इंडेक्स बनवणं, अँड्रॉइडवर अ‍ॅप्स नव्याने ऑप्टिमाइझ करणं. तेव्हा फोन तापणार, चार्जिंग उतरणार. रात्री चार्जरला आणि वायफायला लावून ठेवा, दोनचार दिवस जाऊ द्या, मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये कुठलं अ‍ॅप किती खातंय ते बघा. सतत तापल्याने बॅटरी म्हातारी होते हे खरं, पण आठवडाभराच्या बीटाने ती जळत नाही. बॅटरी हेल्थचा आकडा हलला म्हणूनही लगेच घाबरायचं नाही, तो सॉफ्टवेअरने काढलेला अंदाज आहे, २०२१ च्या आयओएस १४.५ मध्ये आयफोन ११ मालिकेसाठी तो नव्याने कॅलिब्रेट करायची, म्हणजे मोजून दुरुस्त करायची, सोयच दिली होती.

राहिला एरर आणि मेलेला बोर्ड. ४०१३ किंवा ४०१४ नंबरचा एरर आला म्हणजे रिस्टोर चालू असताना फोन आणि कॉम्प्युटरचा संपर्क तुटला. बोर्ड गेलेला असूही शकतो, पण आधी केबल बदला, हब काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, कॉम्प्युटर अपडेट करा, दुसरा कॉम्प्युटर वापरून बघा. ३१९४ आला तर फोन सोडा आणि कॉम्प्युटर बघा, तो अ‍ॅपलच्या सर्व्हरपर्यंत पोचत नसतो, बऱ्याचदा कधीतरी केलेल्या उचापतींमुळे होस्ट्स फाइल (कुठल्या साइटसाठी कुठल्या पत्त्यावर जायचं ते कॉम्प्युटरला सांगणारी) बदललेली असते. हे सगळं करूनही ४०१३च येत राहिला तर मग सर्व्हिस सेंटर गाठा, आणि तिथे गेल्यावर बीटा टाकला होता हे लपवू नका, नाहीतर तेही केबलपासूनच सुरुवात करतील.