मी जिवंत आहे, लेबल नसलेले बटण

नोव्हेंबर उजाडला की पेन्शनर माणसाला आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. इतकी वर्षं मी बँकेत जायचो. शिपाई "या सर" म्हणून खुर्ची पुढं सरकवायचा, अंगठा टेकवला की वर्षभराची निश्चिंती. यंदा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, कशाला जायलात तिथवर? ॲप आहे की! घरबसल्या होतंय." भाचा स्वतः ॲप बनवतो, म्हणून ऐकलं. तिथंच चुकलं.

मला जन्मापासून दिसत नाही. परभणीत पोरांना पेटी शिकवण्यात उमर गेली. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणाऱ्या गावचा असल्यामुळं न्यूनगंड वगैरे नाही. फोनमध्ये टॉकबॅक आहे. बोट फिरेल तिथलं तो वाचतो, दोनदा टकटक केली की बटण दाबलं जातं. गुणी आहे बिचारा. पण त्याला वाचायला कुणी काही लिहून ठेवलेलं पाहिजे ना!

ॲप उघडलं. फोन म्हणाला, "लेबल नसलेले बटण." पुढं सरकलो. "लेबल नसलेले बटण." अशी लागोपाठ सात. सात दारांचा वाडा आणि एकावरही पाटी नाही. बैठकीत निघाल का न्हाणीत, सगळं नशिबावर. एक दार धाडसानं ढकललं तर आतून आवाज आला, "खाते कायमचे बंद करायचे का?" आता पेटीच्या पट्ट्यांवरही नावं नसतात म्हणा. पण पेटी अपडेट होत नाही. काळी चार काल जिथं होती तिथंच आज सापडते.

बायकोला म्हणलं, "अगं, जरा बघ." तिला मोतीबिंदू. "लिहिलंय काहीतरी," ती म्हणाली, "पण पांढऱ्यावर राखाडी. राख सांडल्यावानी दिसायलंय." भाच्याला विचारलं, तर म्हणे, "मामी, त्याला क्लीन लुक म्हणतात." अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांत निदान 4.5 ला 1 इतका फरक ठेवावा, असा जगभरच्या वेबसाठीचा नियम आहे. तो याच भाच्यानं मला एकदा ऐटीत सांगितला होता.

मग ओटीपी आला. फोन तो वाचायला लागला, "चार, सात…" आणि तेवढ्यात खालचं घड्याळ मधे बोललं, "एकोणसाठ सेकंद शिल्लक. अठ्ठावन्न सेकंद शिल्लक." चार-सातच्या पुढं काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, वेळ किती उरली हे मात्र पाठ झालं. तिसऱ्या खेपेला बायकोनं फोन नाकाला लावून आकडे वाचले.

मदतीसाठी मराठी पीडीएफ होती. ती जुन्या कृतिदेव फाँटात. डोळ्याला ती मराठी दिसते, पण पोटात सगळी इंग्रजी अक्षरं. खुद्द "मराठी" हा शब्द माझ्या फोननं "ई जे के बी एच" असा वाचला. अभिजात दर्जा मिळूनही ही गत.

शेवटी मुख्य परीक्षा. "चेहरा चौकटीत आणा आणि डोळे मिचकावा." चौकट कुठंय, ते सांगायची पद्धत नव्हती. "अहो, पंखा दिसायलाय," बायको म्हणाली. पंखा फिरत होता, म्हणजे माझ्यापेक्षा जिवंत. फोन खाली घेतला, जमेल तशा पापण्या हलवल्या. ॲप म्हणालं, "डोळे आढळले नाहीत." हे मला आईनं लहानपणीच सांगितलं होतं.

या मिचकावण्यावरून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेले, आणि माझ्यासारखे दृष्टी नसलेलेही. 30 एप्रिल 2025 ला न्यायालयानं सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, तेव्हा जिवंतपणा तपासायला दुसरे मार्ग ठेवा. दिव्यांग हक्कांचा कायदा त्याच्याही आधीचा, 2016 चा. त्याच साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पाणी पोचलं. कायदा बहुतेक अजून कुर्डुवाडीला क्रॉसिंगला थांबलाय.

भाच्याला म्हणलं, "बाबा, तुमच्या ॲपमधी तरी बटणांना नावं आहेत का?"

"ॲक्सेसिबिलिटी पुढच्या फेजमध्ये आहे, मामा."

"मग एक कर. टॉकबॅक चालू कर, डोळे मिट, आणि तुझंच ॲप उघड."

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो, खुर्चीवर बसलो, अंगठा टेकवला. परत येताना रिक्षात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मामा, मी बोलतोय. मित्राच्या फोनवरून. माझा फोन रात्रीपासून नुसता बडबडायलाय, लॉकसुद्धा उघडंना. हे टॉकबॅक बंद कसं करायचं?"

आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरायची, एवढंच असतं.

"सांगतो की," मी म्हणलं. "पुढच्या फेजमध्ये."