संगीन, फणस आणि मी

संगीन हे फणस कापण्याचे हत्यार नव्हे, एवढी उघड गोष्ट सिद्ध होण्यासाठी माझाच नवा सदरा चिकाने खराब व्हावा, हे मला अजूनही पचलेले नाही. खानापूर तालुक्यातील एका मळ्यावर आम्ही जमलो होतो आणि मी कोयत्याला खोबरेल लावून फणसापाशी बसलो होतो, एवढे सांगून पुढे जातो.

बेळगाव परिसरात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे चार माणसे जमली की त्यांत एक निवृत्त हवालदार निघतोच. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. मात्र त्या आदराचाच फायदा घेऊन यजमानांच्या चुलत्यांनी माझ्या हातातला कोयता काढून घेतला.

"काय करालाय ओ मास्तर? कोयता काय घेऊन बसलाय? ही घ्या!" असे म्हणून त्यांनी कुठल्याशा जुन्या बाजारातून आणलेली एसएलआर रायफलीची संगीन माझ्यापुढे धरली.

"नाना, याला धार कुठाय?"

"धार काय करायचीय? टोक बघा की! शत्रूच्या आरपार जात होतं, फणस कोण लागून गेला?"

शत्रू निदान चिकट नसतो, हे मी मनातल्या मनात म्हटले.

वस्तुस्थिती अशी आहे की संगीन ही भोसकण्यासाठी घडवलेली असते. अंगावर जोर आला तरी ती मोडू नये म्हणून तिचे पाते जाड ठेवतात, आणि जाड पाते फणसात शिरण्याऐवजी त्याला नुसते फाकवते. त्यातून मुठीशी रायफलीच्या नळीसाठी ठेवलेले लोखंडी कडे! बोट पुढे सरकवून पात्यावर ताबा मिळवावा, तर ते कडे नेमके तिथेच आडवे येते. पहिल्या घावात काटे चेपले, दुसऱ्यात संगीन आत रुतून बसली आणि ती उपसताना चिकाची तार थेट माझ्या छातीवर आली.

"मनगट हलवा ओ, मनगट!" नाना खुर्चीवरून हुकूम सोडत होते. "आमच्या वेळेला असलं मनगट घेऊन कुणाला भरतीत उभं केलं नसतं."

पोरे खिदळली. यजमानही हसले, आणि ते मला जास्त लागले.

एकाच हत्याराने लढाईही करावी आणि घरकामही, हा हट्ट नानांचा एकट्याचा नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या काही संगिनींच्या पाठीला करवतीचे दात होते. त्यांच्याविषयी शत्रूच्या मनात एवढी चीड निर्माण झाली की पुढे पुष्कळ पात्यांचे दात घासून काढावे लागले. रशियन एकेएम रायफलीच्या संगिनीला भोक पाडून, ती म्यानाच्या खुंटीत अडकवून काटेरी तार तोडण्याची सोय केली. 1980 च्या दशकात अमेरिकनांनीही आपल्या एम-9 संगिनीत तीच युक्ती वापरली. तार तुटते, हे मी मान्य करतो. ब्रिटिशांनी मात्र दुसऱ्या महायुद्धात ली-एनफील्ड रायफलीच्या चौथ्या नमुन्याला सरळ आठ इंची खिळा लावला, ज्याला धारच नव्हती. त्यातला प्रामाणिकपणा मला आवडतो, कारण खिळ्याने फणस कापा असे नानासुद्धा म्हणाले नसते. (म्हणालेही असते.)

ही सगळी माहिती मी चिकाने माखलेल्या हातांनी नानांना सांगितली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पुस्तकं वाचून फणस कापता येत नाहीत ओ." ज्या माणसाने माझा कोयता मांडीखाली दाबून ठेवला होता, त्याने हे बोलावे!

अखेर आतून काकू विळी घेऊन आल्या. त्यांनी विळीला आणि हातांना तेल फासले, फणसाचे चार तुकडे केले, मधला पाव (म्हणजे दांडा) काढून टाकला आणि गरे सोलायला सुरुवात केली.

"बघितलं?" नाना सगळ्यांकडे पाहत म्हणाले. "संगिनीनं आधी वाट करून दिली म्हणून विळी चालली."

काकूंनी वरही पाहिले नाही. गऱ्यांचे पहिले ताट नानांपुढे गेले. माझ्याकडे रॉकेलचा बोळा आला आणि "आधी हात पुसा" अशी सूचना.