वास असेल ते पेटीत

कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसाला उन्हाळा लागला की दोन हुक्क्या येतात. एक, हापूस कुठे मिळतो ते शोधायची आणि दुसरी, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जाऊन तंबू ठोकायची. पहिली महाग, दुसरी अवघड. तिथलं बुकिंग महिनोन्महिने आधी सकाळी सातच्या ठोक्याला उघडतं आणि चहाला उकळी फुटायच्या आत संपतं. त्यामुळे आमच्या सहलीच्या संयोजकाला तिथल्या हॉजडन मेडो कॅम्पग्राउंडची ग्रुप साइट मिळाली, तेव्हा त्याला म्हाडाचं घर लागल्यासारखे फोन आले.

ही ग्रुप साइट १३ ते ३० माणसांसाठी असते. आम्ही ३० च्या आत बसलो. सामान मात्र लग्नघरातून उचलून आणल्याएवढं. उंची सुमारे ४,९०० फूट, भोवती पाइन आणि सीडरचं जंगल, अंघोळीला शॉवर नाही. यातल्या फक्त शेवटच्या मुद्द्यावर व्हॉट्सअॅपवर चर्चा झाली. तंबू उभारण्याबद्दल काही लिहीत नाही. दोन-तीन जोडपी आत्ता कुठे परत बोलायला लागली आहेत.

खरा प्रश्न होता पेटीचा.

योसेमिटीत अस्वलं आहेत. खाणं तंबूत ठेवायचं नाही आणि अंधार पडला की गाडीतही नाही, कारण गाडीचं दार अस्वलाला किरकोळ वाटतं. सगळं लोखंडी पेटीत. दंड ५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. पेटीची कडी मोठी हुशार आहे: एका खोबणीत बोटं घालून आतली पट्टी वर उचलावी लागते, म्हणजे पंजाला ते जमत नाही. आमच्यातल्या दोन सॉफ्टवेअर आर्किटेक्टांनाही बराच वेळ जमलं नाही.

तर, रेंजरबाई आल्या आणि म्हणाल्या, नुसतं खाणं नव्हे, वास येणारी प्रत्येक वस्तू पेटीत गेली पाहिजे. हा नियम करणारा माणूस मराठी स्वयंपाकघरात कधी डोकावलेला नसावा. शेजारच्या गोऱ्या कुटुंबाचं बरं होतं. ब्रेड, सॉसेज, मार्शमेलो, टूथपेस्ट. पेटी बंद, मंडळी खुर्चीत. आमच्याकडे वास न येणारी वस्तू कुठली हाच शोध सुरू झाला. कांदा-लसूण मसाला गेला. भाजणी गेली. हिंगाची डबी तीन झिपलॉकांत घालून गेली आणि तरीही पेटीत ती एकटीच आहे असं वाटत होतं. मग खोबरेल तेल, शिकेकाई, उदबत्ती, बडीशेप. एका वहिनींची शाल फोडणीच्या वेळी शेगडीजवळ होती म्हणून तीही.

संयोजकाच्या आई साताऱ्याहून आलेल्या. त्या गुडघ्याला लावायचा बाम पदराखाली धरून बसल्या होत्या.

"काकू, तोही द्या."

"अरे, अस्वलाला काय करायचाय बाम?"

"नियम आहे, काकू."

"मग मलाच ठेवा पेटीत. रोज लावते, अंगालाच वास आहे."

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं, पण बाम गेला.

एवढा बंदोबस्त झाल्यावर चहाबरोबर बाकरवडी काढली. तेवढ्यात काळ्या तुऱ्याचा एक निळा पक्षी फांदीवरून आला, थेट बशीत उतरला, एक बाकरवडी चोचीत धरली आणि गेला. स्टेलर्स जे म्हणतात त्याला. परत आला तो नातेवाईक घेऊन. त्याच्यासाठी पेटी नाही, सूचना नाही, पाटीवर साधं चित्रही नाही. आमचं जेवढं खाणं त्या सहलीत चोरीला गेलं, ते सगळं दिवसाढवळ्या आणि हवाई मार्गाने.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. मराठी गटाला नऊ पंचावन्नला गाण्याच्या भेंड्यांचा सूर सापडतो. दहा वाजून पाच मिनिटांनी रेंजरबाईंचा टॉर्च आला तेव्हा 'ळ' वर अडलो होतो, त्यामुळे शांतता तशीही होतीच.

मग थंडी. जून महिन्यातली ही थंडी कुठल्याच फोटोत दिसत नाही. स्लीपिंग बॅगमध्ये शिरल्यावर प्रत्येकाला जी गोष्ट हवी होती, ती नेमकी पेटीत होती. कुणाला खोकल्याची गोळी, कुणाला व्हॅसलीन. पेटीचं दार करकरलं की सगळे तंबू एकदम "कोण आहे?" विचारायचे आणि अंधारातून खजील आवाजात उत्तर यायचं, "मीच. लिमलेट." काकूंच्या तंबूतून मध्येच "आई गं" ऐकू येत होतं, गुडघ्यांना जमीन मानवली नव्हती.

सकाळी निघालो आणि काही मैलांवर गाड्या थांबलेल्या दिसल्या. कुरणात अस्वल होतं. इथल्या अस्वलांना काळं म्हणतात, हे चांगलं तपकिरी होतं. मान खाली घालून, आमच्याकडे ढुंकूनही न बघता, ते गवत खात होतं. संयोजकाने माहिती पुरवली की यांच्या आहारात बहुतेक गवत, फळं, कंदमुळं आणि किडेच असतात.

काकूंनी काच खाली करून नीट बघून घेतलं, गुडघा चोळला आणि मुलाकडे वळल्या.

"गवत खातंय ते! आणि तुम्ही मला बाम लावू दिला नाहीत."