लॅपटॉप जुना झालेला नाही, सपोर्ट संपलाय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, संपला आणि तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की आता नवीन लॅपटॉप घ्यावा लागणार का. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो, त्याआधीचं मशीन कितीही ठणठणीत असू दे, यादीत नाही म्हणजे नाही. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, एसएसडी टाकलेली, आणि तरी भंगारात? मला हे अजिबात पटत नाही.

मित्राच्या वडिलांचा असाच एक लॅपटॉप होता, चार जीबी रॅमवाला, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट, खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, एक्सएफसीई डेस्कटॉपवाली, जी हलकी असते. काका सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांना लागतं काय तर नोटिसा टाइप करायच्या, मेंटेनन्सचा हिशोब, बँकेची साइट आणि संध्याकाळी यूट्यूबवर भीमसेन जोशी. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स सोबतच आलं, कीबोर्डच्या यादीत मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट होताच, प्रिंटर लावल्या लावल्या ओळखला. अडलं ते जुन्या नोटिसांपाशी. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत, त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, त्यामुळे उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. ज्या सॉफ्टवेअरबरोबर तो फॉन्ट आला होता त्याचं डोंगल, म्हणजे ते चालू करायला लावावी लागणारी किल्ली, कधीच हरवलंय. म्हणजे बघा, लिहिलं काकांनी, मराठीत लिहिलं, आणि वाचायचं तर परवानगी दुसऱ्याची! आज युनिकोड आहे, मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला मुक्तासारखा देखणा फॉन्ट आहे, तो कोणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा, लायसन्सच तसं आहे. ह्या लोकांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

आत्मनिर्भर म्हटलं की आपण लगेच मेड इन इंडियाचा शिक्का शोधतो, माझ्या मते प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा की ही वस्तू दुसरा कोणी लांबून बंद करू शकतो का, आणि बिघडली तर मला उघडता येते का. नायारा एनर्जीचं आठवतंय ना, जुलै २०२५? गुजरातमधल्या वाडीनारची त्यांची एवढी मोठी रिफायनरी, नायारावर निर्बंध युरोपियन युनियनचे, मायक्रोसॉफ्ट कंपनी अमेरिकेची, आणि तिने त्यांचं आउटलुक, टीम्स बंद केलं ते भारतात. लायसन्सचे पैसे पूर्ण भरलेत असं नायाराचं म्हणणं होतं, तरी दिल्ली हायकोर्टात जावं लागलं, मग सेवा परत सुरू झाली. एका रिफायनरीची ही गत तर आपली काय कथा.

आणि उलट उदाहरण आपल्या पुण्यातलंच. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारला, मग विजय भटकरांच्या टीमने सी-डॅक ह्या सरकारी संस्थेत १९९१ ला परम ८००० हा आपला सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्यातल्या चिप भारतीय नव्हत्या, इनमॉस ह्या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर, होते. पण ते मोठ्या संख्येने एकत्र जोडून कामाला कसे लावायचे ते ज्ञान इथलं होतं, आणि ते कोणी परत मागू शकत नव्हतं. लिनक्सचंही मला तेच वाटतं, सुरुवात फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने केली असेल, पण सोर्स कोडची कॉपी माझ्याकडे आहे म्हटल्यावर ती माझीच.

फुकट आहे मग जबाबदार कोण, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत, म्हणजे लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या कोडच्या एका तुकड्यात, कोणीतरी बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा, घुसवला होता, कारण ती सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी आणि थकलेला, त्याच्यावर दबाव आणून, विश्वास मिळवून हे केलं गेलं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड ह्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं आणि तो खणत गेला. कोड उघडा होता म्हणून खणता आलं. पण जगभरच्या कंपन्या ज्याच्यावर चालतात ते एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवायचं हे चूक आहे, आपणही नुसतं डाउनलोड न करता बग कळवावा, मराठी भाषांतरात हात लावावा, जमेल तसे थोडे पैसे पाठवावेत.

तर कोणाकडे विंडोज १० वर अडकलेला लॅपटॉप असेल तर विकू नका, मला मेसेज करा, मिंटचा पेनड्राइव्ह तयार आहे. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघू, वायफाय आणि आवाज नीट चालला तरच इन्स्टॉल करू. फोटोंचा बॅकअप तेवढा घेऊन ठेवा. आणि टॅली विंडोजवरचं सॉफ्टवेअर, त्यामुळे त्यावर काम करणाऱ्यांनी आधी बोला, त्यांचं गणित वेगळं आहे.