स्क्रीन काळी, म्हणून कार्ड मेलं?

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय. बंद झालेल्या लॅबमधून जुनी सन वर्कस्टेशन्स (सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचे, युनिक्सवर चालणारे संगणक) बाहेर निघताहेत, त्यांच्याबद्दलचा. स्क्रीन काळी राहिली तर ग्राफिक्स कार्ड गेलं, साध्या पीसीचं कुठलंही पीसीआय (पीसीतल्या कार्डाच्या स्लॉटचा एक प्रकार) कार्ड त्या जागी चालतं, युनिक्सला कार्ड स्वतःहून ओळखता येत नाही, आणि म्हणून यंत्र भंगारात द्यावं, असं त्यात ठासून सांगितलंय. हे वाचून लोक चालू यंत्रं फोडायला देताहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी काळ्या स्क्रीनचं बघू. सनच्या यंत्राला कीबोर्ड जोडलेला नसेल तर ते स्क्रीनकडे वळतच नाही, सगळा मजकूर पहिल्या सीरियल पोर्टवर, म्हणजे दुसरा संगणक तारेने जोडायच्या सॉकेटवर, पाठवतं. नुसता मॉनिटर लावून बघणाऱ्याला काळोखच दिसणार. सुरुवातीच्या स्वयंतपासणीचं 'डायग-स्विच' हे सेटिंग चालू राहिलं असेल तरी तेच होतं, स्क्रीन बराच वेळ मुकी राहते. त्यात मॉनिटरची भानगड वेगळी. स्पार्कस्टेशन या सनच्या जुन्या यंत्रांचं १३डब्ल्यू३ हे मॉनिटरचं सॉकेट सहसा ११५२ बाय ९००, ६६ हर्ट्झ असा सिग्नल देतं, तोही संयुक्त सिंकचा, म्हणजे आडव्या-उभ्या जुळणीचे इशारे एकत्र केलेला. बरेच एलसीडी तो घेत नाहीत. समोर कुठला मॉनिटर आहे हे कार्डाला सॉकेटमधल्या ओळखपिनांवरून कळतं, आणि सन व सिलिकॉन ग्राफिक्स (वर्कस्टेशन बनवणारी दुसरी कंपनी) यांच्या १३डब्ल्यू३ ची जोडणी सारखी नाही. चुकीचा ॲडॉप्टर लावला की चांगलं कार्डही मेल्यासारखं वाटतं. म्हणून आधी सीरियल केबलने दुसरा संगणक जोडा आणि त्यावरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हे सेटिंग ठेवा: वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. तिथे 'ओके' (यंत्र आज्ञेची वाट बघतंय याची खूण) उमटला तर मदरबोर्ड जिवंत आहे. (२०१९ च्या महापुरात ज्यांच्यात पाणी शिरलं, ती यंत्रं मात्र उघडून साफ केल्याशिवाय चालू करू नका.)

दुसरा दावा तर सरळ चूक आहे. स्पार्कस्टेशनमध्ये एसबस, म्हणजे सनचा वेगळाच कार्ड-स्लॉट, असते, तिथे पीसीआय कार्ड बसणारच नाही. सनच्याच नंतरच्या अल्ट्रा ५ आणि १० मध्ये बसतं, पण चालू होताना सनचं ओपनबूट (यंत्र सुरू करणारा, पीसीच्या बायोससारखा प्रोग्रॅम) कार्डावरच्या रॉममधला एफकोड, म्हणजे ओपनबूटला समजणारा कोड, शोधतं. पीसीच्या कार्डाच्या रॉममध्ये इंटेल प्रोसेसरसाठीचा कोड असतो, सनच्या स्पार्क प्रोसेसरला तो चालवता येत नाही. सनचं एक्सव्हीआर-१०० हे कार्ड एटीआयच्या रेडिऑन ७००० चिपवरच बांधलेलं होतं. म्हणजे अडचण चिपची नाही, रॉममध्ये काय आहे याची आहे.

युनिक्सला कार्ड ओळखता येत नाही म्हणे! सोलारिस (सनचं युनिक्स) सुरू व्हायच्या आधीच ओपनबूट सगळ्या उपकरणांची यादी तयार करतं आणि सोलारिसच्या हाती देतं. 'ओके' वर 'शो-डिस्प्लेज' लिहा, सापडलेले डिस्प्ले समोर येतात. सोलारिसमध्ये 'पीआरटीकॉन्फ' या आज्ञेला मोठ्या लिपीतला 'एफ' हा पर्याय दिला की कन्सोलच्या फ्रेमबफरचा, म्हणजे मुख्य स्क्रीन चालवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा, पत्ता मिळतो. त्यात 'सीजीसिक्स' दिसलं तर सनचं जीएक्स कार्ड, 'एफएफबी' दिसलं तर सनचं क्रिएटर कार्ड. नवं कार्ड घातल्यावर 'ओके' वरच्या 'बूट' आज्ञेला 'आर' पर्याय द्यायचा, म्हणजे सोलारिस ते शोधून घेतं. क्रिएटरचं रिझोल्यूशन 'एफएफबीकॉन्फिग' ने आणि अल्ट्रा ५ वरच्या एटीआय चिपचं 'एम६४कॉन्फिग' ने बदलतं. फाइलीत मॉनिटरच्या फ्रिक्वेन्सी हाताने लिहिण्याचा त्रास पीसीवरच्या एक्सएफ८६ या ग्राफिक्स सॉफ्टवेअरचा होता, तो इथे चिकटवू नये. सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स या युनिक्सवर 'हिन्व्ह' आणि एचपी कंपनीच्या एचपी-यूएक्सवर 'आयओस्कॅन' ही आज्ञा उपकरणं दाखवायचं हेच काम करते.

राहता राहिलं भंगार. सेटिंग सांभाळणाऱ्या चिपच्या पोटातली बॅटरी संपलेली असते, म्हणून यंत्र सेटिंग विसरतं आणि आयडीप्रॉम (त्याच चिपमधली यंत्राची ओळख) चुकीचा असल्याची तक्रार करतं. तो कार्डाचा दोष नाही, चिप बदलता येते. आणि सीरियलवरही काहीच आलं नाही, पॉवर सप्लाय व रॅम बदलूनही यंत्र गप्पच राहिलं, तरी भंगारात द्यायच्या आधी कार्ड काढून घ्या. एका अल्ट्रातलं क्रिएटर तसाच यूपीए स्लॉट (क्रिएटर बसतं ती जागा) असलेल्या दुसऱ्या अल्ट्रात चालतं.