दुधीचा हप्ता

सुरुवात व्हॉट्सॲपवरच्या एका पोस्टरने झाली. रात्री जेवताना बायकोने फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, वाच. पोस्टरवर आई, बाबा आणि दोन पोरं गुडघाभर चिखलात उभं राहून खदाखदा हसत होते. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस हसत नसतो हे मला आता माहितीये, तेव्हा नव्हतं. येऊरच्या एका शेताची चार महिन्यांची मेंबरशिप, दर शनिवारी सीझनची भाजी घरपोच, महिन्यातून एक क्लास, आणि दोन रविवार श्रमदान. श्रमदान हा शब्द इन्शुरन्सवाले अटी छापतात तेवढ्या अक्षरात होता.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, म्हणजे येऊर डोक्यावरच, उपवन ओलांडून घाट चढला की आलंच. तरी वर्षातून एकदा पावसात भिजायला जाण्यापलीकडे आमचा येऊरशी काही संबंध नाही. बायकोचं म्हणणं, पोराला भात झाडाला लागतो का वेलीला हे कळायला पाहिजे. मी म्हटलं मलाही नीट माहीत नाही आणि माझं काही अडलं नाही. झालं, त्याच वाक्यावर पैसे भरले गेले.

आईला सांगितलं. आई गुहागरकडची, लग्नाच्या आधी माहेरी आणि नंतर सासरी मिळून तिने किती पावसाळे लावणी केली ते तिलाच माहीत. वडिलांनी 1974 ला गाव सोडून वागळे इस्टेटमध्ये लेथवर नोकरी धरली. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, 1962 सालची, आणि आमच्या वाडीतल्या दर दुसऱ्या घरातला एक जण तिथे कुठल्या ना कुठल्या मशीनवर उभा होता. तर आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लावणीचे किती देणारेत?"

"ते नाही देणार, आपण द्यायचेत."

"लावणी आपण करायची आणि पैसे पण आपणच द्यायचे?"

मी हो म्हटलं. ती उठून आत गेली आणि दोन मिनिटांनी आतून मावशीला फोन लावल्याचा आवाज आला. पुढचा अर्धा तास नुसतं हसणं ऐकू येत होतं.

पहिली टोपली जूनच्या दुसऱ्या शनिवारी आली. त्यात शेवळं होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेवळं ही पहिल्या पावसाबरोबर जंगलात जमिनीतून वर येणारी रानभाजी, सुरणाच्या खानदानातली, दिसायला न उमललेल्या जांभळट कोंबासारखी. सोबत एका पुडीत हिरवी बोरासारखी आंबट फळं होती. आई नेमकी बहिणीकडे डोंबिवलीला. बायको म्हणाली ही फळं कसली रे, मी म्हटलं चुकून आली असतील, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. युट्यूब बघून कांदा-खोबऱ्यात भाजी केली, दिसायला एकदम मटणासारखी.

पहिला घास छान गेला. दुसऱ्या घासाला घशात कुणीतरी काचेचं लोकर फिरवतंय असं वाटायला लागलं. तिसरा घास पोराने घेतलाच नाही, तो माझ्याकडे बघत होता. मी जीभ बाहेर काढून आरशात बघायला गेलो तर बायको तिथे आधीच उभी. शेवटी आईला फोन.

"काकडं घातलीस का?"

"काकडं काय?"

"हिरवी फळं नव्हती बरोबर?"

मी गप्प. आई म्हणाली, "कोकमाचं पाणी पी," आणि फोन ठेवला. नंतर क्लासमध्ये कळलं की शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात, म्हणून काकडांचा नाहीतर चिंचेचा आंबटपणा लागतोच लागतो. हा क्लास टोपलीच्या आधी का नाही ठेवला असं मी विचारलं तर शेतावरचा दादा म्हणाला, अनुभवातून शिकलेलं लक्षात राहतं. हा दादा आयटीतली नोकरी सोडून शेतीत आलेला, त्यामुळे काहीही बिघडलं की ते फीचर आहे असं सांगायची सवय अजून गेली नव्हती.

रानभाज्यांच्या त्या क्लासचा एक साइड इफेक्ट झाला. टाकळा, कुर्डू, फोडशी ओळखायला शिकल्यावर मला सगळीकडे खाणंच दिसायला लागलं. सोसायटीच्या कंपाउंडला टाकळा रानोमाळ माजलेला, इतकी वर्षं मी त्याला कचरा समजत होतो. सकाळी पिशवी घेऊन कोवळी पानं खुडायला बसलो तर वॉचमनने येऊन हळूच विचारलं, "साहेब, नोकरीला सगळं ठीक आहे ना?"

मग आला जुलैचा रविवार. लावणी.

मी त्याच्यासाठी अठराशे रुपयांचे गमबूट ऑनलाइन मागवले होते. शेतावर पोचलो तर चौदा मेंबर, त्यातले अकरा फोटो काढत होते. दादाने माहिती दिली की उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, मग पाऊस पडला की त्यात बी पेरायचं, साधारण तीन आठवड्यांनी रोपं उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायच्या. बांधावरून खाली उतरलेल्या पोरांना परत वर चढवायला त्याने "इथे बिबट्या येतो" हेही सांगितलं, येऊर नॅशनल पार्कला लागूनच आहे त्यामुळे ते खोटं नव्हतं, पण परिणाम उलटा झाला, आता एकही पोर घरी जायला तयार नव्हतं.

शिकवायला पाड्यावरच्या एक मावशी होत्या. डोक्यावरून प्लास्टिक, साडीचा काष्टा मारलेला, आणि माझ्या गमबुटांकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"दादा, ते काढा."

मी म्हटलं असू देत, मला सवय आहे. कसली सवय, देव जाणे.

पहिला पाय घातला, गार वाटलं. दुसरा घातला, तोही आत गेला. तिसरं पाऊल टाकायला पाय उचलला तर पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. तोल सांभाळायला मी उघडा पाय टेकला, मग दुसरा उचलला, तर त्याचंही तेच. दोन पावलांत दोन्ही बूट खाचरात लागले, अगदी सरळ, दोन रोपांमध्ये ठेवतात तेवढंच अंतर ठेवून. वाकून उपसायला गेलो तर आतल्या चिखलाने असा मोठा पचाक आवाज केला की बांधावरच्या अकरा जणांनी फोन माझ्याकडे वळवले. मावशी म्हणाल्या, "राहू द्या दादा. दसऱ्याला कापू."

लावणी बघायला सोपी असते. दोन-तीन रोपांचा चूड घ्यायचा, अंगठा आणि दोन बोटांनी मुळं चिखलात दाबायची, एक वीत सोडून पुढचा, आणि आपण मागे मागे सरकत जायचं. मावशी बोलता बोलता, एकीकडे कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत, पट्टीने आखल्यासारखी ओळ लावत गेल्या. माझी ओळ ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेसारखी होती, म्हणजे ती रांग आहे हे फक्त त्यातल्यांनाच माहीत असतं. वीस मिनिटांनी कंबर धरली, पंचविसाव्या मिनिटाला मी मागे न बघता मागे सरकलो आणि बसलो. चिखलात. बायको म्हणाली हस, फोटो काढते. तेव्हा कळलं पोस्टरवरचे ते लोक कसे हसले असतील.

बांधावर येऊन बघितलं तर मी खोचलेली निम्मी रोपं सुटून पोहायला लागली होती आणि मावशी आम्हाला वाईट वाटू नये म्हणून आमच्याकडे पाठ करून ती सगळी परत लावत होत्या.

ऑगस्टचा क्लास जीवामृताचा. सुभाष पाळेकरांची ही पद्धत, त्यांना 2016 ला पद्मश्री मिळाली. एका एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती, काठीने ढवळायचं आणि दोन दिवस सावलीत ठेवायचं. शेवटी प्रत्येकाला घरी करून बघायला किट मिळालं, म्हणजे किलोभर शेण आणि बाटलीत गोमूत्र. ते घेऊन मी टीएमटीत चढलो. बसमध्ये मला खिडकी मिळाली, शेजारची सीट मिळाली, पुढची मिळाली, मागची पण मिळाली.

घरी वीस लिटरच्या बादलीत सगळं दहाव्या हिश्शाने केलं. ढवळून झाल्यावर मला हिशोब करायची बुद्धी झाली. एकर म्हणजे 43,560 स्क्वेअर फूट, आमची बाल्कनी 32. कॅल्क्युलेटर म्हणाला, आमच्या बाल्कनीची गरज साधारण दीडशे मिली, अर्धा-पाऊण ग्लास. बादलीत उरलं एकोणीस लिटर आठशे पन्नास मिली, आणि ते फसफसायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, बी विंगच्या ड्रेनेज लाइनचं कोणी बघेल का प्लीज. मी त्याला थम्सअप दिला. मग रात्री अकरानंतर तीन दिवस बादलीबादलीने सोसायटीच्या झाडांना घातलं, चोरासारखं. यंदा जास्वंद काय फुललीये म्हणून सेक्रेटरी माळ्याचं कौतुक करत होते.

पण खरा छळ दुधीचा. ऑगस्टपासून प्रत्येक टोपलीत दुधी. एक नाही, दोन, आणि एकेक दोन-अडीच किलोचा. अळू, पडवळ, शिराळी हे पाहुणे कलाकार. दादाला विचारलं तर म्हणाला, "सर, सीझनल आहे." चणाडाळ घालून भाजी झाली, कोफ्ते झाले, थालीपीठ, हलवा, सालांची चटणी. पोराने एकदा टोपलीत डोकावून विचारलं, "बाबा, हा मागच्या शनिवारचाच परत पाठवलाय का?" दुधी चिरला की आधी टोकाचा तुकडा चाखून बघायचा, कडू लागला तर अख्खा टाकून द्यायचा कारण कडू दुधी पोटात गेला तर विषारी ठरतो, हा आईचा नियम. आमच्याकडे तो तुकडा मी चाखायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, देवा, कडू निघू दे. एकदाही निघाला नाही.

शेजाऱ्यांना वाटले. तिसऱ्या आठवड्यापासून मी लिफ्टमध्ये शिरलो की लोक जिन्याने जायला लागले. वॉचमनला द्यायला गेलो तर तो म्हणाला, "नको साहेब, शहापूरवरनं माझेच चार आलेत, तुम्हाला एक देऊ?" आणि दिला. नाही म्हणता आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये कापणीचं बोलावणं आलं. दुसरं श्रमदान. मी कंबर पुढे केली. बायको आणि पोरगा गेले आणि आई म्हणाली मी पण येते, नुसती बसेन बांधावर. कसली बसते. बायकोने फोटो पाठवले, पहिल्या फोटोत आई बांधावर, दुसऱ्यात विळा हातात, तिसऱ्यात ती आणि त्या मावशी शेजारी शेजारी वाकून कापतायत आणि बाकीचे मेंबर क्लास बघितल्यासारखे बघतायत. माझे बूट पण सापडले म्हणे. एकात मुठा खेकडा राहत होता.

संध्याकाळी तिघं परत आली. आईच्या हातात भली मोठी कापडी पिशवी.

"काय आणलंस?"

"मावशीने दिला. इतका आग्रह केला, नको कसं म्हणू?" तिने पिशवीतून काढून डायनिंग टेबलवर ठेवला. वेलावरच जून केलेला, कडक साल, माझ्या मांडीएवढा दुधी.

"बियांचा आहे," आई म्हणाली. "पुढच्या पावसात बाल्कनीत लावू. आणि तू ते बादलीतलं करतोस ना, ते परत कर."