महाबळेश्वरची विरळ हवा आणि ध्वनीचा वेग : एका आक्षेपाला उत्तर

आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ‘डोंगरावर हवेचा दाब कमी असला तरी त्यामुळे ध्वनीचा वेग घटत नाही’, हे माझे विधान आपल्याला मान्य नाही. वेगाच्या सूत्रात, म्हणजे गॅमा (हवेसाठी 1.4 हा गुणक) गुणिले दाब भागिले घनता याच्या वर्गमुळात, दाब अंशस्थानी असल्यामुळे महाबळेश्वरला तो सुमारे 15 टक्क्यांनी कमी धरल्यास वेग सेकंदाला 347 मीटरवरून 320 मीटरवर येतो, असे आपण दाखवले आहे.

आपली आकडेमोड मी पुन्हा करून पाहिली. गुणाकार, भागाकार, वर्गमूळ सारे बरोबर आहे. चूक छेदात आहे: घनमीटरला 1.18 किलोग्रॅम ही घनता किनाऱ्यावरच्या 27 अंश सेल्सिअसच्या हवेची आहे, आणि ती आपण तशीच घाट चढवून वर नेलीत. तापमान तेच असेल तर दाब ज्या प्रमाणात उतरतो त्याच प्रमाणात घनताही उतरते. येथे ती जवळपास 1.00 होते, भागाकार होता तेवढाच राहतो आणि वेग पुन्हा 347 मीटरच येतो.

‘सूत्र न्यूटनचे आहे’ असेही आपण म्हणता. न्यूटनच्या सूत्रात गॅमा नव्हता, आणि म्हणून शून्य अंशाला त्यातून जेमतेम 280 मीटर निघत. ध्वनीची संपीडने, म्हणजे हवेचे दाबले जाणे, इतक्या झपाट्याने होतात की उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, हे ध्यानात घेऊन 1.4 हा गुणक घातला तो फ्रेंच गणिती लाप्लासने, आणि उत्तर 331 वर आले.

एक उणीव मात्र माझीच. ‘तापमान समान असल्यास’ हे शब्द मी लिहायला हवे होते. आता ते घातले आहेत. वेग निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत 273 मिळवून येणाऱ्या तापमानाच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे खाली 27 अंश आणि वर 17 अंश असतील तर वर तो सुमारे 341 मीटर भरेल. म्हणजे वेग खरोखरच घटतो, पण गारव्यामुळे, विरळपणामुळे नव्हे.

पडताळा घ्यायचा असेल तर कड्यासमोर टाळी वाजवावी. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला तर कडा माझ्या हिशेबाने 341 मीटरवर आणि आपल्या हिशेबाने 320 मीटरवर असेल. हा 21 मीटरचा फरक हाताने दाबायच्या स्टॉपवॉचला पेलणारा नाही, कारण बोटाच्या दशांश सेकंदाच्या दिरंगाईतच 17 मीटर जातात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून आलेखातील टाळी आणि प्रतिध्वनी यांच्या दोन शिखरांमधला वेळ मोजावा, आणि कड्याचे अंतर नकाशावरून घ्यावे.